चंद्रपूरचा 11 किलोमीटरचा परकोट कुणी आखला? तेल ठाकूरची गोष्ट

'चांद्यापासून बांद्यापर्यंत' हा शब्दप्रयोग आपण भाषणात, बातम्यांत, निवडणुकीच्या प्रचारात शंभरदा ऐकलेला असतो. यातला बांदा सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला लागून. आणि चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. महाराष्ट्राचं एक टोक.

या टोकाबद्दल उरलेल्या महाराष्ट्राला साधारण काय माहीत असतं? ताडोबाचा वाघ, कोळशाच्या खाणी, वीज केंद्र आणि उन्हाळ्यातलं तापमान. शेजारच्या गडचिरोलीबद्दल तर त्याहून कमी. जंगल म्हटलं की विषय संपला.

पण याच जंगलाच्या मुलखात गोंड राजांनी घडीव दगडांची भिंत घालून एक अख्खं शहर वसवलं. सुमारे 11 किलोमीटर लांबीची तटबंदी, चार मोठे दरवाजे, पाच खिडक्या आणि 39 बुरूज. चंद्रपूरकर तिला परकोट म्हणतात. जटपुरा गेटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला प्रत्येक चंद्रपूरकर रोज या परकोटाखालून जातो.

आता प्रश्न असा की हा परकोट आखला कुणी?

राजाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, खांडक्या बल्लाळशाह. पण राजा काही हातात दोरी घेऊन भिंतीची रेघ आखत बसत नाही. ते काम ज्याच्याकडे होतं, त्याचं नाव परंपरेनं जपून ठेवलंय. त्याचं नाव तेल ठाकूर. गोंड दरबारातला वास्तुकार.

आधी थोडं गोंड राज्याबद्दल

चांद्याच्या गोंड राज्याची राजधानी सुरुवातीला सिरपूरला होती. हे गाव आज तेलंगणात येतं. तिथून ती वर्धा नदीच्या काठावर बल्लारपूरला आली. आज आपण जिथे बल्लारशाह स्टेशनवर गाडी बदलतो, तेच हे गाव. बल्लारपूरचा किल्ला आजही नदीकाठी उभा आहे. त्याचे दोन दरवाजे एकमेकांना काटकोनात आहेत, म्हणजे पहिला दरवाजा फोडून शत्रू आत आला तरी सरळ धावत पुढे जाऊ शकत नाही. त्याला वळावं लागतं, वेग कमी होतो आणि तेवढ्यात वरून मारा करता येतो.

सांगायचा मुद्दा हा की चंद्रपूर वसवण्याआधीच या राज्याकडे बांधकामाची चांगली समज असलेली माणसं होती.

प्रचलित राजावलीनुसार खांडक्या बल्लाळशाहाचा काळ येतो पंधराव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यात, 1470 ते 1495 च्या आसपास. या कालगणनेवर अभ्यासकांचे मतभेद आहेत, पण साधारण अंदाज यायला ती पुरते. दिल्लीत तेव्हा लोदी होते, दख्खनेत बहमनी राज्य मोडकळीला आलं होतं आणि वास्को द गामा अजून भारतात पोचायचा होता.

राजाची गळवं आणि उलटी शिकार

तर गोष्ट अशी सांगतात की राजाच्या अंगावर गळवं होती. गळू म्हणजे खांडूक, त्यावरूनच त्याला खांडक्या म्हणू लागले. काही केल्या आजार बरा होईना.

एक दिवस शिकारीला गेलेला राजा तहानेनं व्याकूळ झाला. झरपट नदीचं पात्र कोरडं पडलेलं. शोधता शोधता एका खड्ड्यात थोडं पाणी दिसलं. राजानं त्या पाण्यानं हातपाय धुतले, पाणी प्यायला आणि त्या रात्री शांत झोपला. सकाळी राणीनं बघितलं तर गळवं गेलेली. परत जागेवर जाऊन पाहिलं, तर खडकात गाईच्या पायाचे पाच ठसे आणि त्यात पाणी. तिथे अचलेश्वराचं मंदिर उभं राहिलं.

मंदिराच्या कामावर लक्ष ठेवायला राजा वरचेवर यायला लागला. अशाच एका फेरीत त्याला विचित्र दृश्य दिसलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा चक्क राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता. पुढे कुत्रा, मागे ससा. मोठा फेरा मारून झाल्यावर शेवटी कुत्रा उलटला आणि त्यानं सशाला मारलं. राणीनं सल्ला दिला की ही जागा साधी नाही, ज्या वाटेनं हा पाठलाग झाला त्या वाटेवर तट घाला आणि आत शहर वसवा.

राजाला ते पटलं. आणि तटाच्या आखणीचं काम आलं तेल ठाकूरकडे.

ही गोष्ट फक्त चंद्रपूरचीच आहे का?

नाही. सशानं कुत्र्याचा पाठलाग केला आणि तिथे राजानं शहर वसवलं, ही कथा अहमदाबादबद्दलही सांगतात आणि विजयनगरबद्दलही. दुबळ्या प्राण्याला जिथे बळ येतं ती जमीन राज्य करायला चांगली, असा त्यामागचा भाव. म्हणजे ही त्या काळातली शहर वसवण्याची ठरलेली गोष्ट होती असं म्हणायला हरकत नाही.

मग सशाची गोष्ट बाजूला ठेवली तर तटाची रेघ ठरली कशी असेल? याचं उत्तर नकाशा उघडला की मिळतं. आणि खरं सांगायचं तर तेल ठाकूरचं चरित्र शोधायची हीच जागा आहे. तो कुठे जन्मला, कुणाकडे शिकला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्यानं काय विचार केला, ते जमिनीवर दिसतं.

भिंत वाचायची कशी?

मोबाईलवर चंद्रपूरचा सॅटेलाईट नकाशा उघडा. शहराच्या पश्चिमेला इरई नदी दिसेल, पूर्वेला झरपट. दोन्ही वाहत दक्षिणेला जातात आणि तिथे एकमेकींना मिळतात. जुनं शहर बरोबर या दोन नद्यांच्या मधल्या बेचक्यात बसलंय.

म्हणजे तीन बाजूंना पाण्याचा आडोसा. शत्रूला सोयीची मोकळी बाजू उरते ती उत्तरेची. तिकडे जटपुरा दरवाजा. दक्षिणेला संगमाकडे पठाणपुरा, पूर्वेला झरपटच्या बाजूला अचलेश्वर आणि पश्चिमेला इरईच्या बाजूला बिनबा दरवाजा.

दुसरी गोष्ट खिडक्यांची. इथे खिडकी म्हणजे घराची खिडकी नाही, तर तटातला छोटा दरवाजा. मोठे दरवाजे रात्री किंवा धोक्याच्या वेळी बंद करायचे, पण शहराचं रोजचं काम थांबून चालत नाही. म्हणून पाच खिडक्या ठेवल्या. त्यांची नावं आहेत विठोबा, हनुमान, बगड, चोर आणि मसाण. मसाण म्हणजे स्मशान. नुसत्या नावांवरून कळतं की ही भिंत फक्त सैनिकांसाठी नव्हती. शहरातल्या माणसाच्या रोजच्या येण्याजाण्याचा आणि त्याच्या शेवटच्या प्रवासाचाही विचार तिच्यात होता.

तिसरी गोष्ट आकाराची. तेव्हाच्या मानानं 11 किलोमीटरचा घेर फारच मोठा होता. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की तटाच्या आत सुटी सुटी गावं आणि चक्क पिकाखालची शेतं होती. रामाळा तलावही तटाच्या आतच आहे. वरवर बघता ही जागेची उधळपट्टी वाटते. पण वेढा पडल्यावर आत पाणी आणि धान्य असेल, तरच शहर टिकतं. शिवाय शहर वाढलं तर भिंत पाडावी लागत नाही. चंद्रपूर त्यानंतर कितीतरी पिढ्या या भिंतीच्या आतच वाढत राहिलं.

एका माणसाची रेघ, अनेक राजांचं काम

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा परकोट एका राजाच्या हयातीत पूर्ण झालाच नाही.

पायाभरणी खांडक्या बल्लाळशाहाची. त्याच्यानंतर हीरशाहानं दरवाजे आणि आतला कोट बांधल्याचं सांगतात. दरवाजांवर दिसणारं हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचं शिल्प हे गोंड राजांचं राजचिन्ह. पुढे आणखी राजे आले. अकबराच्या काळात बाबाजी बल्लाळशाह गादीवर होता. आईन-ए-अकबरीत त्याची नोंद आहे, 1,000 घोडेस्वार आणि 40,000 पायदळ असलेला राजा म्हणून. आणि तटाचं काम पुरं झालं ते धुंड्या रामशाहाच्या काळात, म्हणजे 1597 ते 1622 च्या दरम्यान.

हिशोब करा. पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत शंभर वर्षांहून जास्त काळ गेला. पाच-सहा राजवटी झाल्या. म्हणजे तेल ठाकूरनं पूर्ण झालेला परकोट बघितलेला असणं शक्यच नाही. त्याच्या हाताखालच्या पाथरवटांच्या नातवंडांनी, पतवंडांनी तो पूर्ण केला असणार.

मग त्याचं काम नेमकं कोणतं? रेघ. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, कुठे दरवाजा ठेवायचा हे ठरवणं. आपल्याकडे वास्तुकाराला जुना शब्द आहे सूत्रधार. सूत्र म्हणजे दोरी. जमिनीवर दोरी धरून बांधकामाची रेघ आखणारा तो सूत्रधार. आज आपण हा शब्द नाटकासाठी नाहीतर घोटाळ्याच्या बातमीत वापरतो, पण एकेकाळी तो बांधकामावरच्या माणसाचा होता.

नवीन सरकार आलं की आधीच्या सरकारचा आराखडा बदलायची सवय असलेल्या आपल्याला ही गोष्ट जरा नवलाची वाटेल. पण त्या राजांनी एकामागून एक त्याच परकोटाचं काम पुढे नेलं.

बांधणाऱ्यांची नावं का उरत नाहीत?

हे फक्त तेल ठाकूरच्या वाट्याला आलेलं नाही. ताजमहालाचं उदाहरण घ्या. जगातली सगळ्यात प्रसिद्ध इमारत, पण तिच्या वास्तुकाराचं नाव उस्ताद अहमद लाहोरी असल्याचं आपल्याला कळलं ते मुख्यतः त्याच्या मुलानं लिहिलेल्या फारसी काव्यामुळे. मुलगा कवी निघाला म्हणून बापाचं नाव राहिलं.

महाराष्ट्रात याला ठळक अपवाद आहे हिरोजी इंदुलकरांचा. शिवरायांसाठी रायगड बांधणारे हिरोजी. रायगडाच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर त्यांचं नाव कोरलेलं आहे आणि मंदिराच्या शिलालेखातही आहे. दगडावर नाव कोरल्यामुळे साडेतीनशे वर्षांनंतरही शाळेतल्या पोरांना हिरोजी माहीत असतात. रायगडला जाणारा माणूस ती पायरी शोधून तिथे थांबतो.

तेल ठाकूर हिरोजींच्या जवळपास दोनशे वर्षं आधीचा. त्याचं नाव टिकलं ते लोकांच्या तोंडी सांगण्यात. 1869 मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा अहवाल लिहिताना मेजर लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं गोंड राजांच्या अशाच परंपरा गोळा केल्या. पुढची गॅझेटियर आणि पुस्तकं बरीचशी त्याच अहवालावर उभी राहिली.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी बोलायला हवी. जंगल म्हटलं की आदिवासी, आणि आदिवासी म्हटलं की झोपडी, ढोल आणि नाच. आपल्या डोक्यात हे चित्र पक्कं बसलंय. त्यामुळे गोंडांचं राज्य होतं, त्यांचा दरबार होता, दरबारात वास्तुकार होता आणि शंभर वर्षं चालणारं बांधकाम पेलेल एवढा खजिना होता, ही माहिती त्या चित्रात बसतच नाही. आणि जी माहिती चित्रात बसत नाही ती आपण विसरून जातो.

हे फक्त चंद्रपूर शहरापुरतंही नाही. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात वैरागडचा किल्ला आहे. तो बाबाजी बल्लाळशाहानं बांधला असं मानतात. भोवती खंदक, दगडी तट. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणींची ख्याती पार मुघल दरबारापर्यंत गेली होती. चंद्रपुरात बीरशाहाची समाधी आहे, ती त्याची राणी हिराई हिनं बांधून घेतली. ज्या महाकाली मंदिरात चैत्रात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लाखो लोक येतात, ते मंदिर उभं करण्याचं श्रेयही राणी हिराईलाच दिलं जातं.

मग या भिंतीचं पुढे काय झालं?

1751 मध्ये चांद्याचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. शेवटचा गोंड राजा नीलकंठशाह कैदेत पडला. मग 1818 साली इंग्रज आले. कर्नल ॲडम्सच्या फौजेनं मे महिन्यात चांद्याला वेढा घातला, तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि 20 मे रोजी शहर घेतलं. किल्लेदार गंगासिंग यात मारला गेला. तलवारी आणि भाल्यांच्या जमान्यात आखलेली भिंत इंग्रजांच्या तोफांपुढे काही दिवसच तग धरू शकली.

आतल्या राजवाड्याच्या कोटाचं पुढे तुरुंगात रूपांतर झालं. 21 ऑक्टोबर 1858 रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली ती याच तुरुंगाच्या आवारात. गोंड राजांच्या कोटात एका गोंड जमीनदाराला फाशी. आजही तिथे जिल्हा कारागृह आहे.

आणि आज?

आज परकोट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटेल, पण खरी ओढाताण इथूनच सुरू होते.

2010 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. ताजमहालासारख्या एकट्या उभ्या इमारतीला हा नियम सहज लागू होतो. पण 11 किलोमीटरच्या भिंतीला? भिंतीच्या दोन्ही बाजूंना 100-100 मीटरचा पट्टा धरला तर जुन्या शहराचा मोठा भाग त्यात येतो. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसाला पडकं घर पाडून नवीन बांधायचं असेल तर अडचण होते. त्याच्यासाठी परकोट म्हणजे अभिमान कमी आणि कटकट जास्त. त्याचा राग समजण्यासारखा आहे.

दुसरीकडे जटपुरा गेट. हत्ती-घोड्यांसाठी बांधलेल्या दरवाजातून बस, ऑटो, दुचाकी सगळं जायला बघतं. म्हणून वाहतुकीच्या चर्चेत दरवेळी भिंतीचा विषय निघतो.

आणि तिसरीकडे झाडोरा. पिंपळ, वडाची मुळं दगडांच्या सांध्यात शिरतात आणि हळूहळू अख्खा दगड बाहेर ढकलतात. वर्षानुवर्षं बुरुजांवर झुडपं माजली होती, कचरा पडत होता. 2017 मध्ये 'इको-प्रो' या चंद्रपूरच्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी किल्ल्याची सफाई हाती घेतली. रोज पहाटे कुदळ-फावडं घेऊन पोरं-पोरी भिंतीवर चढायची. दोनशे दिवसांहून जास्त काळ हे काम चाललं. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही या कामाचा उल्लेख झाला. झुडपं निघाल्यावर कित्येक चंद्रपूरकरांना आपल्या घरामागचा बुरूज पहिल्यांदा नीट दिसला. तटावरून चालता येतं हेही तेव्हाच कळलं.

या तिन्ही गोष्टी एकत्र बघितल्या तर लक्षात येतं की परकोट वाचवायचा म्हणजे फक्त दगड वाचवायचे नाहीत. भिंतीलगतच्या माणसाचं घर, शहराची वाहतूक आणि पाचशे वर्षांचा वारसा या तिघांचा मेळ घालायचाय. थोडक्यात, आज चंद्रपूरला पुन्हा एकदा तेल ठाकूरची गरज आहे. नद्या, रस्ते, शेतं, स्मशान, सगळं एकत्र धरून रेघ आखणारा माणूस.

पुढच्या वेळी जटपुरा गेटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर हॉर्न वाजवायच्या आधी एकदा वर बघा. हत्तीवर स्वार झालेला सिंह दिसेल, तो राजांचा. आणि ज्या जागेवर तो दरवाजा उभा आहे, ती जागा ठरवणारा तेल ठाकूर.